पाण्याला वाट ठेवा, मग झाकण लावा

गेल्या अंकात पिकअपच्या हौद्यावर बसवायच्या हार्ड कव्हरबद्दल मी चार ओळी लिहिल्या, त्यावर बरीच पत्रं आली. २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आली आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. तेव्हापासून घरच्या वापरासाठी पिकअप घेणारी माणसं आपल्याकडेही दिसायला लागली. गाडी घेतली की पहिल्या पावसात पहिला प्रश्न हाच पडतो : मागं सामान ठेवायचं तर ते कोरडं कसं राहणार?

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात जीपचे हूड शिवायचे. कॅनव्हास, आयलेट, पितळी बकलं आणि मेण लावलेला दोरा यांतच माझं लहानपण गेलं. आज त्याच दुकानात मी ॲल्युमिनियम आणि फायबरची कव्हरं बसवतो. वस्तू बदलली, पण वडिलांनी शिकवलेली एक गोष्ट तशीच राहिली. ते म्हणायचे, पाणी अडत नसतं, त्याला वाट करून द्यावी लागते. आज आलेल्या पत्रांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत.

माझ्याकडे हायलक्स आहे. तीन घड्यांचं ॲल्युमिनियमचं कव्हर मागवलं, खोकं आठ दिवस पार्किंगमध्ये पडून आहे. गॅरेजवाला म्हणतो, हौद्याला भोकं पाडावी लागतील. पुस्तिकेत तसं लिहिलेलं दिसत नाही. मी आणि माझी कॉलेजात जाणारी मुलगी मिळून हे घरी बसवू शकू का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नक्की बसवू शकाल, दादा. मुलीला बरोबर घ्याच, कारण हे एकट्याचं काम नाही. ही कव्हरं साधारण पंचवीस-तीस किलोंची असतात. वजनापेक्षा अडचण लांबीची आहे. एकटा माणूस उचलायला गेला की एक कोपरा रंगावर घासतोच.

भोकं पाडायची नाहीत. घडीचं कव्हर क्लॅम्पवर बसतं. हौद्याच्या भिंतीची वरची कड आतल्या बाजूला वळवलेली असते, त्या कडेला क्लॅम्प खालून धरतो. ज्यानं भोकं पाडायला सांगितलं त्यानं बहुतेक फायबरचं एकसंध झाकण किंवा कॅनोपी, म्हणजे हौद्यावरचं केबिनएवढं उंच टप, बसवली असेल, तिथं काही वेळा बोल्ट लागतात. तुमच्या हौद्यात ड्रिल घालू देऊ नका. रंग एकदा फुटला की गंज तिथूनच सुरू होतो.

सुरुवात खोक्यापासून करा. जुनी सतरंजी अंथरून सगळं त्यावर मांडा. दोन बाजूंच्या पट्ट्या, क्लॅम्प, केबिनकडच्या बाजूचं रबर, दोन प्लास्टिकच्या नळ्या आणि घडी घातलेलं कव्हर एवढं तरी असायला हवं. त्या नळ्या बाजूला सुरक्षित ठेवा. त्यांच्याबद्दल पुढं बोलतो.

आता हौद्यात डोकावा. प्लास्टिकचं लायनर, म्हणजे आतलं अस्तर, बसवलेलं आहे का? असलं तर ते कडेच्या खाली संपतं की कडेवर चढून बाहेर येतं? खाली संपत असेल तर फार काही करावं लागत नाही, क्लॅम्पच्या जागी थोडं कापलं की झालं. कडेवर चढलेलं असेल तर मात्र जिथं जिथं क्लॅम्प येणार तिथं ते कापून पत्र्याची कड उघडी करावीच लागते. प्लास्टिकवर धरलेला क्लॅम्प आज घट्ट वाटतो, पण उन्हात प्लास्टिक दबतं आणि महिन्याभरात क्लॅम्प ढिला पडतो.

मग कड पुसा. आधी साबणाच्या पाण्यानं, नंतर स्पिरिटच्या फडक्यानं. केबिनकडचं रबर चिकटपट्टीनं बसतं आणि ती पट्टी धुळीवर किंवा ओलसर पत्र्यावर धरत नाही. हे काम सकाळी दहा-अकराच्या उन्हात करा, पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे. चिकटवल्यावर निदान एक दिवस पाणी लागू देऊ नका.

पट्ट्या दोन्ही बाजूंना नुसत्या अडकवा, आवळू नका. आता टेप घ्या. दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढं, मध्ये आणि मागं, तिन्ही ठिकाणी सारखं यायला हवं. त्यानंतर कोनाकोनी मोजा : डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, आणि मग उलट. दोन्ही मापं जुळली की पट्ट्या गुण्यात, म्हणजे काटकोनात, आल्या. सुतार चौकट बसवताना हेच करतो. इथं चार-पाच मिलिमीटरचा फरक राहिला तरी मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं खाली पडणारं दार, लावताना एक बाजू बसते आणि दुसरी उघडी राहते. मग माणूस फाळका जोरात आपटायला लागतो आणि महिन्याभरात बिजागरी बोलायला लागते. मापाला वीस मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या.

आता दोघांनी कव्हर उचलून पट्ट्यांवर ठेवा आणि केबिनकडं सरकवा. मात्र केबिनला टेकवू नका, मधे बोट जाईल एवढी फट ठेवा. पिकअपची केबिन आणि हौदा एका चेसिसवर असले तरी वेगवेगळे बसवलेले असतात. खड्ड्यातून जाताना दोन्ही आपापल्या परीनं पिळतात. वाकून बघितलं तर त्यांच्यातली फट दिसेल. कव्हर केबिनला टेकलं असेल तर प्रत्येक खड्ड्याला ते रंग घासतं. हे मला शिकवावं लागलं नाही, एका गिऱ्हाइकाच्या केबिनच्या पाठीवर उमटलेली चंद्रकोर बघूनच कळलं.

शेवटी क्लॅम्प आवळा. आधी सगळे हातानं, मग पान्यानं, एकदा डावा, एकदा उजवा, असं पुढून मागं या. पुस्तिकेत टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचा त्याचा, आकडा असतो, तेवढाच द्या. गॅरेजमधली हवेवर चालणारी गन इथं चालवू देऊ नका, तिच्या एका झटक्यात कड वाकते किंवा बोल्टचे आटे जातात. आठवड्याभरानं सगळे बोल्ट पुन्हा तपासा, एखादा थोडा फिरेलच. त्यानंतर दर तीन महिन्यांनी बघितलं तरी चालेल.

आता त्या नळ्या. बऱ्याच घडीच्या कव्हरांच्या कडेनं आत एक पन्हळ असते. रबरातून जे थोडं पाणी झिरपतं ते या पन्हळीत उतरतं, पुढच्या दोन कोपऱ्यांत जमतं आणि नळ्यांतून बाहेर पडतं. म्हणजे हे कव्हर सगळं पाणी बाहेर ठेवेल असं ते बनवणाऱ्यांनीही धरलेलं नाही. थोडं आत येणार हे धरून त्याला वाट दिलेली आहे. ती नळी हौद्याच्या तळाच्या भोकातून किंवा कोपऱ्यातल्या फटीतून गाडीच्या खाली उतरवायची असते.

२०१७ मध्ये मी घडीचं पहिलंच कव्हर बसवलं, गारगोटीच्या बाजूच्या एका भजनी मंडळासाठी. क्लॅम्प नीट, मापं नीट, पण नळ्या बाहेर काढायच्या राहिल्या. त्या आतच हौद्यात लोंबत सोडल्या. मला वाटलं, त्या जास्तीच्या असाव्यात. श्रावणातल्या एका रात्री ती माणसं कार्यक्रमाहून परतली, तेव्हा दोन्ही कोपऱ्यांतलं पाणी नळीनं थेट पेटी-तबल्यावर सोडलं होतं. तबल्याच्या शाईला पोपडे आले होते आणि पेटीचा भाता फुगला होता. मंडळाचे म्हातारे बुवा दुकानात आले. आवाज चढवला नाही, फक्त तबला माझ्या बाकावर ठेवला. पेटी मी मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणली, तबल्याला नवी पुडी घातली, पण त्या तबल्याचा जुना नाद परत आला नाही. तेव्हापासून कोणतंही कव्हर बसवलं की गाडी सोडायच्या आधी मी रांगोळी टाकतो.

तुम्हीही टाका. पांढरी कोरडी रांगोळी चाळणीतून हौद्याच्या सगळ्या तळावर पातळ पसरा. कव्हर लावा, फाळका लावा आणि मुलीला पाइप धरायला सांगा. आधी बारीक धारेनं पाच मिनिटं, मग जोराच्या धारेनं, केबिनकडून सुरुवात करून. मग उघडून आत बघा. जिथं थेंब पडला तिथं रांगोळीत खड्डा आणि त्याभोवती चिखलाचं कडं दिसतं. थेंब एका ओळीत असतील तर रबर तिथं उचललेलं आहे. एकाच जागी डबकं असेल तर नळी बंद आहे किंवा निसटलेली आहे. खुणा फाळक्याच्या अगदी खाली असतील तर दोष कव्हरचा नाही, फाळक्याच्या फटीचा आहे. त्याचा इलाज खाली दहिवडीच्या ताईंना लिहिला आहे.

माझी हापूस आणि काजूची बाग आहे. व्ही-क्रॉसवर हार्ड कव्हर बसवलं तर ओणी-पाचलवरून अणुस्कुरा घाटानं कोल्हापूरला आंबा नेणं सोयीचं होईल का? घाटात अवकाळी पाऊस लागतो, त्याची भीती वाटते. – एक बागायतदार, राजापूर

काका, काजूबियांसाठी होय, आंब्यासाठी नाही. कोणी गळ घातली तरी नाही.

कारण मोजूनच बघा. हौद्याची खोली साधारण दीड फूट. आंब्याचा प्लास्टिकचा क्रेट जवळजवळ एक फूट उंच. म्हणजे कव्हर लावलं की एकच थर मावतो, दुसऱ्या थराला जागा नाही. पाच फुटांच्या हौद्यात एका थराचे किती क्रेट बसतील ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. तेवढ्यासाठी घाट चढण्याचं डिझेल परवडणार नाही.

त्याहून मोठं कारण उष्णतेचं. मे महिन्यात काळं कव्हर उन्हात उभं राहिलं की हात लावता येत नाही, आणि आतली हवा हलत नाही. आंबा झाडावरून उतरल्यावरही श्वास घेत असतो. तो उष्णता आणि इथिलीन वायू सोडतो, आणि तोच इथिलीन बाकीच्या आंब्यांना पिकायला लावतो. तुम्ही अढी घालता तेव्हा हेच घडवून आणता, पण अढीत तुम्ही रोज हात घालून बघता, पिकलेला आंबा वेगळा काढता. बंद हौद्यात ही अढी आपोआप लागते आणि तिच्यावर तुमचा ताबा नसतो. दुपारी बाहेर पडून बाजाराच्या दारात रात्र काढावी लागली, तर सकाळी एका बाजूचे आंबे मऊ आणि दुसऱ्या बाजूचे कच्चे, असं व्हायला वेळ लागत नाही.

आंब्याला वर छाया आणि चारी बाजूंनी वारा हवा. त्यासाठी हौद्याच्या कडेला चार लोखंडी उभ्या दांड्या, वर आडवी चौकट आणि तिच्यावर ताडपत्री, बाजू गुंडाळता येतील अशी. पाऊस आला की बाजू सोडायच्या, थांबला की वर करायच्या. सांगाडा सुटा ठेवा, चार बोल्ट काढले की गाडी पहिल्यासारखी.

काजूबिया, खताची पोती, फवारणीचा पंप, पंपाचे सुटे भाग, हे सगळं हार्ड कव्हरखाली छान राहील. वाळवलेल्या बियांना ओल चालत नाही, आणि कुलूप असल्यानं ओणीच्या नाक्यावर चहाला थांबलं तरी जीव अडकून राहत नाही. वर्षाचे दहा महिने कव्हर आणि दोन महिने सांगाडा, अशी सोय करायची असेल तर घडीचं कव्हर घ्या. ते पंधरा मिनिटांत उतरतं. शटरसारखं गुंडाळणारं कव्हर घेऊ नका. त्याची पेटी केबिनला लागून हौद्यात कायमची बसते आणि तेवढी लांबी कायमची जाते.

मी पशुवैद्यक आहे. दहिवडी आणि आसपासच्या वाड्यांवर फिरते. हार्ड कव्हर बसवूनही औषधांच्या पेट्यांवर रोज धुळीचा थर बसतो. शिवाय कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचा कंटेनर असतो, तो कव्हरखाली ठेवणं योग्य आहे का? – एक वाचक, माण तालुका

ताई, पहिल्यांदा कंटेनरचं सांगतो. तो हौद्यातच ठेवा, केबिनमध्ये ठेवू नका. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो आणि सारखा उडत राहतो. बंद केबिनमध्ये तो प्राणवायूची जागा घेतो, आणि त्याला वास नाही, रंग नाही. हौदा त्यासाठी योग्य जागा आहे. मात्र कंटेनरचं सैल झाकण कधीही घट्ट बंद करू नका, आत दाब साठतो. कंटेनर आडवा होणार नाही असा लाकडी चौकटीत बसवा आणि चौकट हौद्यातल्या कड्यांना पट्ट्यानं बांधा. फाळका उघडल्यावर लगेच आत वाकू नका. कव्हर वर करा, आठ-दहा श्वास थांबा, मग हात घाला.

आता धूळ. लोक कव्हरला दोष देतात, पण धूळ येते फाळक्याकडून. गाडी धावते तेव्हा तिच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथंच घोटाळत राहते. हौदा आणि फाळका यांच्यात खाली आणि दोन्ही बाजूंना फटी असतात, कारण फाळका खाली पडायला जागा लागते. हवा फट शोधतेच, आणि हवेबरोबर धूळ आत येते. कव्हर नसताना ही धूळ वरून उडून जायची. आता ती आत येऊन तुमच्या पेट्यांवर बसते.

इलाज स्वस्त आहे. फाळक्यासाठी पोकळ रबराची पट्टी मिळते, आत नळीसारखी पोकळी असलेली. ती फाळक्याला न लावता हौद्याच्या चौकटीला, खालच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना लावा. फाळका लावताना ती दबली पाहिजे. आधी मळलेल्या कणकेची एक लांब बारीक वळी करून तिथं ठेवा आणि फाळका लावून उघडा. कणीक जिथं सपाट झाली तिथं फट लहान आहे आणि जिथं तशीच राहिली तिथं मोठी. त्या मापानं रबर निवडा. सगळीकडं एकाच जाडीचं रबर लावलं तर एक कोपरा बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

खालच्या रबराला दोन्ही टोकांना दोन बोटं जागा सोडा. वरून जे पाणी आलं ते त्या कोपऱ्यांतून जाईल. थोडी धूळही तिथून येईल, पण साचलेल्या पाण्यापेक्षा ती परवडते. तुमच्या लसींच्या पेटीसाठी मात्र कव्हरवर विसंबू नका. बंद हौदा तापतो. बर्फाची पेटी जाड पांढऱ्या कापडात गुंडाळून केबिनमध्ये पायाशी ठेवा.

इथं डॅलसला माझ्याकडे साडेपाच फुटी हौद्याची फोर्डची एफ-१५० पिकअप आहे. कव्हरच्या रबरात चरचर आवाज यायचा म्हणून मी गॅरेजमधलं ग्रीस भरपूर लावलं. महिन्याभरात रबर फुगून नागमोडी झालं. आता ते बसत नाही. भारतातल्या उन्हातही असं होतं का? – एक वाचक, टेक्सस

ऊन डॅलसचं असो की दहिवडीचं, हे ग्रीसमुळे झालं. अशा पट्ट्या बहुतेक ईपीडीएम रबराच्या असतात. हे रबर ऊन, पाऊस आणि थंडी फार चांगलं सोसतं, पण खनिज तेल त्याला चालत नाही. तेल शोषून ते फुगतं, मऊ पडतं आणि मग पूर्वीच्या आकारात येत नाही. पुसून उपयोग नाही, पट्टी बदला. नवीन पट्टीवर दोन-तीन महिन्यांतून एकदा सिलिकोनचा स्प्रे फडक्यावर घेऊन फिरवा. रबरावर थेट मारू नका, तो रंगावर उडतो. चरचर बहुतेक वेळा रबरात अडकलेल्या बारीक वाळूची असते. ओल्या फडक्यानं ती आधी पुसली असती तर एवढंही करावं लागलं नसतं.

तुमच्या पत्रावरून आणखी एक आठवलं. २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. तिथं क्लॅम्प लोखंडी असेल तर क्लॅम्प आणि कड यांच्यामध्ये नायलॉनची किंवा रबराची चकती असल्याची खात्री करा. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक खाल्ला जातो, आणि इथं खाल्लं जाईल ते ॲल्युमिनियम. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिकडं प्रवास होत असेल तर परत आल्यावर कव्हर उघडून क्लॅम्प धुवून घ्या. आपल्याकडच्या गाड्यांत उलटं असतं, हौदा पोलादी आणि कव्हरची पट्टी ॲल्युमिनियमची. तिथंही चकती हवीच, आणि पोलादाचा रंग खरवडला गेला असेल तर आधी त्यावर टचअप लावून घ्या.

हार्ड कव्हर लावलं तर आरटीओ किंवा विम्याची अडचण येते का? आणि डिझेल खरंच वाचतं का? – पुणे, सांगली आणि नाशिकहून तीन पत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला मूळ तपशील बदलेल अशा फेरफारांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे कापाकापी, वेल्डिंग, हौद्याची उंची वाढवणं यांच्या वाटेला जाऊ नका. क्लॅम्पवरचं सुटं कव्हर घ्या, आणि त्यामुळे मागचे दिवे, नंबरप्लेट आणि केबिनच्या पाठीवरचा वरचा ब्रेकलाइट झाकला जात नाही हे दहा पावलं मागं जाऊन बघा. कॅनोपी बसवायची असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा. विम्यासाठी बिल जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी कव्हर ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत दाखवून घ्या. न दाखवलेल्या वस्तूची भरपाई मागायला जाऊ नये.

डिझेलच्या आशेवर कव्हर घेऊ नका. उघड्या हौद्यात फाळका लावलेला असला की आत हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा बरीचशी त्याच्यावरूनच निघून जाते. कव्हरनं थोडा फरक पडतो, तोही मोठ्या वेगात. घाटात आणि गावात तो तुमच्या खिशाला कळणार नाही.

कव्हर लावलेल्या हौद्यात आमचा कुत्रा आरामात झोपतो. भाचाही मागं बसायचा हट्ट करतो, दहा मिनिटांचाच तर रस्ता आहे. फट ठेवली तर चालेल ना? – एक वाचक, डिचोली, गोवा

नाही, ताई. दहा मिनिटंही नाही आणि फट ठेवूनही नाही.

वर धुळीचं जे सांगितलं तेच सायलेन्सरच्या धुराला लागू आहे. गाडीच्या मागं जी हवा घोटाळते तिच्यात धूर असतो आणि तो फटीतून हौद्यात ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी गुंगी येते, झोप येते. तुमचा कुत्रा आरामात झोपतो असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. त्याला आजपासून मागच्या सीटवर चादर घालून बसवा.

भाच्याला गाडी उभी असतानाही कव्हरखाली लपू देऊ नका. बऱ्याच कव्हरांना आतून उघडायची सोय नसते आणि उन्हात आतली हवा काही मिनिटांत सोसवत नाही. लपाछपी खेळणाऱ्या मुलांना तो हौदा सगळ्यात चांगली जागा वाटते. गाडी लावली की फाळका आणि कव्हर दोन्हींना कुलूप घाला, आणि घालण्यापूर्वी एकदा आत बघा. गॅसचा सिलिंडर आणि पेट्रोलचा कॅनही कव्हरखाली बंद करून नेऊ नका.

माझी बोलेरो पिकअप आहे, मालवाहू. रोज पहाटे दुधाचे कॅन डेअरीला पोचवतो. मुलगा म्हणतो, हार्ड कव्हर बसवू. तुमचं काय मत? – एक वाचक, शिराळा

बापू, पैसे जपून ठेवा. तुमच्या हौद्याला तिन्ही बाजूंना पडणारे फाळके आहेत. मी वर लिहिलेला क्लॅम्प ज्या वळवलेल्या, पक्क्या कडेला धरतो ती कडच तुमच्या गाडीला नाही. आणि चाळीस लिटरचा कॅन तुमच्या फाळक्यापेक्षा उंच. कव्हर बसलंच तरी कॅन त्याखाली जाणार नाही.

मुलाचा विचार चुकीचा नाही, त्याला दूध पावसापासून आणि धुळीपासून वाचवायचं आहे. त्याला सांगा, चांगली जाड ताडपत्री आणायची, कडेला दोरी घालून शिवलेली, आणि आयलेट हातभर अंतरावर. जास्त अंतर ठेवलं की मधली कड वाऱ्यानं फडफडते आणि आठवड्यात फाटते. मधोमध एक आडवा बांबू थोडा उंच बांधा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना उतरेल. सपाट बांधलेल्या ताडपत्रीत पोट सुटतं आणि त्यात घागरभर पाणी साचतं. मग पहिल्या ब्रेकला ते सगळं पुढं केबिनवर येतं. पुढची कड आधी बांधायची आणि खाली दाबून घ्यायची, मग बाजू, शेवटी मागची. दोन ताडपत्र्या जोडत असाल तर पुढची वर आणि मागची तिच्याखाली ठेवा, नाहीतर वारा जोडातून आत शिरतो.

गाठ सोडगाठच मारा. पहाटे डेअरीच्या दारात हात गारठलेले असतात, तेव्हा एका ओढीत सुटली पाहिजे.